ईसीजी नॉर्मल आला, मग पुढच्या तपासण्या कशाला?

प्रश्न असा आला आहे. वडिलांचं वय ६१, मधुमेह आहे, रक्तदाबाची गोळी चालू आहे. गेल्या दीड-दोन महिन्यांपासून जिना चढताना किंवा भरभर चालताना छातीच्या मधोमध दाबल्यासारखं होतं, थांबलं की चार-पाच मिनिटांत जातं. दोनदा ईसीजी काढला. पहिला नॉर्मल आला, दुसऱ्यावर मशीनने ‘नॉनस्पेसिफिक एसटी-टी चेंजेस’ असं छापलं. डॉक्टर पुढच्या तपासण्या सांगतायत आणि घरच्यांचं म्हणणं, ईसीजी चांगला आलाय तर कशाला? ईसीजीवरून ब्लॉकेज कळतं तरी किती, हा मूळ प्रश्न.

डॉक्टरांचं ऐका. वडिलांच्या बाबतीत सगळ्यात बोलका पुरावा ईसीजीच्या कागदावर नाहीच, तो तुम्ही लिहिलेल्या तक्रारीत आहे. छातीच्या मधोमध दाब, श्रमाने येणारा, विश्रांतीने काही मिनिटांत जाणारा. या तिन्ही गोष्टी एकत्र आल्या की तो नमुनेदार अंजायना, म्हणजे हृदयाच्या स्नायूला रक्त कमी पडून होणारं दुखणं. साठी ओलांडलेला मधुमेही पुरुष ही तक्रार सांगतो, तेव्हा हृदयाला रक्त पुरवणाऱ्या करोनरी धमन्यांच्या आजाराची शक्यता एवढी असते की पडल्या पडल्या काढलेला एक स्वच्छ ईसीजी ती पुसून टाकू शकत नाही. त्यात त्रास नवा आहे आणि नव्याने सुरू झालेला अंजायना लांबणीवर टाकायचा नसतो. हा दाब बसल्या जागी किंवा झोपेत यायला लागला, पूर्वीपेक्षा कमी श्रमात यायला लागला, किंवा थांबूनही दहा-पंधरा मिनिटांत गेला नाही, तर तपासणीच्या तारखेची वाट न बघता सरळ तातडीच्या विभागात न्या. त्यांना स्वतः गाडी चालवू देऊ नका.

आता ईसीजीकडे वळू. ईसीजीला धमन्या दिसत नाहीत. त्याला दिसतो तो हृदयाच्या स्नायूत फिरणारा विद्युतप्रवाह. स्नायूला लागेल तेवढं रक्त मिळेनासं झालं की त्याच्या पेशींचं विद्युत वागणं बदलतं, आणि हा बदल सर्वांत आधी उमटतो तो प्रत्येक ठोक्यानंतर स्नायू पुन्हा पूर्वस्थितीत येतो त्या टप्प्यात. आलेखावर हा टप्पा म्हणजे एसटी भाग आणि टी लहर. म्हणून हृदयरोगाच्या शंकेने ईसीजी हातात घेतला की आमची नजर पहिल्यांदा तिथे जाते.

पण धमनी ७० टक्के अरुंद झालेली असली, तरी माणूस शांत पडून असताना तिच्यातून बहुतेकदा पुरेसं रक्त जातं. पुढच्या बारीक वाहिन्या आपसूक रुंदावतात आणि तूट भरून काढतात. स्नायू उपाशी नाही, त्यामुळे आलेखही स्वच्छ. जिना चढताना हृदयाची मागणी वाढते, त्या वाहिन्या आधीच पूर्ण उघडलेल्या असतात, आणि तेव्हा पुरवठा कमी पडतो. म्हणूनच स्थिर अंजायना (ठरावीक श्रमानेच येणारा) असलेल्या सुमारे निम्म्या रुग्णांचा विश्रांतीतला ईसीजी नॉर्मल असतो. घरच्यांना हे एवढं जरी नीट समजावलंत, तरी निम्मा वाद मिटेल. नॉर्मल ईसीजी सांगतो की त्या घटकेला स्नायूवर दिसण्याजोगा ताण नव्हता आणि मोठ्या जुन्या इजेची खूण नाही. ही चांगलीच गोष्ट आहे, पण धमन्या साफ असल्याचा दाखला नाही.

आलेख वाचताना आम्ही डॉक्टर काय बघतो, तेही सांगतो. कागद सेकंदाला २५ मिलिमीटर वेगाने सरकतो, त्यामुळे आडवा एक छोटा चौकोन म्हणजे ०.०४ सेकंद. उभा एक छोटा चौकोन म्हणजे ०.१ मिलिव्होल्ट. आमचे बरेचसे निर्णय या एका मिलिमीटरच्या आसपास घुटमळतात. क्यूआरएस हा उंच टोकदार भाग जिथे संपतो त्या वळणाला ‘जे’ (J) बिंदू म्हणतात. तो बिंदू क्यूआरएस सुरू होण्याआधीच्या पातळीच्या खाली आहे का वर, आणि तिथून पुढची रेषा कशी जाते, हे बघायचं. खाली जाऊन वर चढत गेली तर सहसा फारसं वजन नाही. खाली जाऊन आडवी राहिली, किंवा आणखी उतरत गेली, तर कान टवकारायचे. शेजारशेजारच्या किमान दोन लीडमध्ये (लीड म्हणजे इलेक्ट्रोडमधून हृदयाकडे बघण्याची एकेक दिशा) अर्धा मिलिमीटर जरी अशी नवी आडवी किंवा उतरती घसरण असली आणि सोबत छातीत दुखत असलं, तर ती रक्तपुरवठा कमी पडल्याची खूण धरतात.

रेषा खाली का जाते? हृदयाच्या मोठ्या धमन्या बाहेरच्या पृष्ठभागावरून जातात आणि आतला थर त्यांच्यापासून सर्वांत लांब. आकुंचनाचा दाबही त्याच थरावर सर्वांत जास्त. म्हणून रक्त कमी पडलं की आधी तो उपाशी राहतो आणि एसटी खाली सरकतो. धमनी पूर्ण बंद झाली की स्नायूची अख्खी जाडी संकटात येते आणि एसटी वर उचलला जातो. यातला एक फरक रुग्णांना कुणी सांगत नाही. वर उचललेला एसटी जागा दाखवतो. लीड २, ३ आणि एव्हीएफ म्हणजे हृदयाची खालची भिंत, व्ही-१ ते व्ही-४ म्हणजे पुढची, लीड १, एव्हीएल, व्ही-५, व्ही-६ म्हणजे डावी बाजू. खाली घसरलेला एसटी मात्र सहसा कोणत्या धमनीत दोष आहे ते सांगत नाही. त्यामुळे ‘व्ही-५मध्ये डिप्रेशन (एसटीची घसरण) आहे म्हणजे अमुक धमनीत ब्लॉक’ असं कुणी छातीठोकपणे सांगितलं तर विश्वास ठेवू नका.

क्यू लहर ही जुन्या इजेची खूण. स्नायूचा एखादा भाग मेला की त्या भागावरच्या लीडमध्ये आलेख सुरुवातीलाच खोल आणि रुंद खाली जातो. साधारणपणे ०.०३ सेकंद किंवा जास्त रुंद, १ मिलिमीटर किंवा जास्त खोल, आणि शेजारच्या दोन लीडमध्ये असेल तर तिला महत्त्व. एकट्या लीड ३मधली क्यू पुष्कळ निरोगी माणसांत असते. मधुमेहात कधीकधी न दुखताच हार्ट अटॅक येऊन जातो, म्हणून वडिलांच्या आलेखात ही लहर मुद्दाम शोधायला हवी. तुमच्या डॉक्टरांनी ती बघितली असणारच, तरी विचारायला संकोच नको.

टी लहरेबद्दल जरा सविस्तर लिहितो, कारण इथेच एक असा नमुना लपलेला आहे की तो चुकला तर माणूस हातचा जातो. समजा, रात्री छातीत दुखून गेलेला माणूस सकाळी चालत येतो. आता काही त्रास नाही. ईसीजीत एसटी जवळजवळ जागेवर, आर लहर (क्यूआरएसचं उंच टोक) शाबूत, क्यू कुठेच नाही. पण व्ही-२ आणि व्ही-३ मध्ये टी लहर आधी वर जाते आणि मग झपकन खाली उतरते, किंवा पूर्णच उलटी, खोल आणि दोन्ही बाजूंनी सारखी असते. ट्रोपोनिन (हृदयाच्या स्नायूला इजा झाली की रक्तात वाढणारं प्रथिन) नॉर्मल किंवा किंचितच वाढलेलं. घाईत असलेला डॉक्टर ‘थोडे टी-वेव्ह चेंजेस’ म्हणून घरी पाठवू शकतो. नेदरलँड्समधल्या हाइन वेलन्स यांच्या गटाने १९८२ मध्ये अस्थिर अंजायनाचे (विश्रांतीतही येणाऱ्या किंवा वाढत जाणाऱ्या) १४५ रुग्ण तपासले, त्यांतल्या २६ जणांत हा नमुना होता. त्यांतल्या ज्या १६ जणांवर शस्त्रक्रिया झाली नाही, त्यांपैकी १२ जणांना पुढच्या काही आठवड्यांत पुढच्या भिंतीचा मोठा अटॅक आला. पुढची मुख्य धमनी तिच्या सुरुवातीच्या भागातच अतिशय अरुंद झाल्याची ही खूण आहे. धमनी काही काळ बंद होऊन पुन्हा उघडली की टी उलटी होते.

यातला सर्वांत फसवा भाग पुढे आहे. त्याच माणसाला वॉर्डात पुन्हा दुखायला लागतं, ईसीजी काढला जातो, आणि सकाळची उलटी टी आता सरळ झालेली असते. आलेख शेजारी ठेवले नाहीत तर कुणीही म्हणेल, सुधारणा आहे. खरं म्हणजे धमनी पुन्हा बंद होत असते. दुखणं चालू असताना ‘सुधारलेला’ ईसीजी ही धोक्याची घंटा आहे. असा नमुना दिसलेल्या रुग्णाला ट्रेडमिलवर चढवायचं नसतं, त्याची अँजिओग्राफीच करायची.

आणखी काही खुणा थोडक्यात. खालच्या भिंतीच्या अटॅकमध्ये लीड ३ मध्ये एसटी धड वर गेलेला दिसत नसतो, तेव्हाही एव्हीएल मध्ये तो खाली गेलेला किंवा टी उलटी झालेली दिसू शकते. म्हणून मी एव्हीएल कधीच वरवर बघून सोडत नाही. व्ही-१ ते व्ही-३ मध्ये एसटी खाली असेल तर हृदयाच्या मागच्या भिंतीचा अटॅक असू शकतो. तेव्हा पाठीवर व्ही-७ ते व्ही-९ लीड लावून बघायचं, तिथे अर्धा मिलिमीटर चढही पुरतो. सहा किंवा जास्त लीडमध्ये एसटी खाली आणि एव्हीआर मध्ये वर असेल, तर डाव्या मुख्य धमनीचा किंवा तिन्ही धमन्यांचा आजार मनात यायला हवा, पण तीव्र रक्तक्षय किंवा शॉकमध्येही (रक्तदाब कोसळलेल्या अवस्थेत) हेच चित्र दिसतं. छातीवरच्या लीडमध्ये ‘जे’ बिंदू खाली, तिथून चढती रेषा आणि पुढे उंच, टोकदार टी, हा २००८ मध्ये डी विंटर आणि सहकाऱ्यांनी वर्णन केलेला नमुना. त्यात एसटी वर नसला तरी पुढची धमनी बंद असल्याचं धरून धावपळ करावी लागते. चढत्या रेषेला सहसा वजन नसतं असं मी वर म्हटलं, त्याला हा मोठा अपवाद.

आता ‘नॉनस्पेसिफिक एसटी-टी चेंजेस’. मशीन असं छापतं तेव्हा अर्थ एवढाच की एसटी किंवा टी लहर पाठ्यपुस्तकातल्यासारखी नाही, पण कोणत्या एका कारणाकडे बोट दाखवावं इतकी वेगळीही नाही. पोटॅशियम कमी असणं, डिगॉक्सिनसारखी औषधं, जोरजोरात श्वास घेणं, थायरॉइडचा विकार, काहीही असू शकतं. बरीच वर्षं रक्तदाब असला की डाव्या कप्प्याची भिंत जाड होते. मग व्ही-५, व्ही-६ मध्ये आर लहर उंच होते आणि टी तिरकी उलटी होते, हळूहळू उतरणारी आणि झटकन वर येणारी. रक्तपुरवठा कमी पडल्यावरची उलटी टी बहुतेकदा दोन्ही बाजूंनी सारखी असते. वडिलांना रक्तदाब आहे, म्हणून त्यांच्या आलेखावर हे शेरे येण्याचं ते एक कारण असू शकतं. पण दुसरी शक्यताही तेवढीच खरी आहे, आणि या तक्रारीच्या माणसात ती आधी धरायची. त्यांच्या बाबतीत महत्त्वाचं हे की पहिला आलेख नॉर्मल होता आणि दुसरा नाही. दोन्ही काही दिवसांच्या अंतराने काढले असतील तर तो बदल नवा आहे, आणि नव्या बदलाला जुन्या बदलापेक्षा कितीतरी जास्त किंमत.

मशीनच्या छापील शेऱ्यांवर अजून एक सांगतो. ‘ओल्ड अँटेरिअर इन्फार्क्ट’ वाचून पुष्कळ लोक रडवेले होऊन येतात. व्ही-१ आणि व्ही-२ चे इलेक्ट्रोड बरगड्यांमधल्या चौथ्या फटीत लावायचे असतात. ते एक-दोन फटी वर लावले गेले, तर छातीच्या लीडमधली आर लहर हवी तशी वाढत नाही आणि मशीनला जुना अटॅक दिसतो. इलेक्ट्रोड नीट लावून पुन्हा काढला की तो गायब. असा शेरा आला तर इलेक्ट्रोडची जागा तपासून दुसरा ईसीजी मागा.

म्हणून एक सवय लावून घ्या. वडिलांचे आजवरचे सगळे ईसीजी एका फाइलमध्ये ठेवा आणि प्रत्येक भेटीला न्या. हा कागद उष्णतेने छापला जातो, काही वर्षांत फिका पडतो, तेव्हा प्रत्येकाचा फोटो किंवा झेरॉक्स काढून ठेवा. वर तारीख, वेळ आणि त्या वेळी दुखत होतं का नव्हतं हे लिहा. दुखत असताना काढलेला ईसीजी तर सोन्याच्या मोलाचा. छातीत दुखत असलेल्या माणसाचा ईसीजी पोचल्यापासून १० मिनिटांत निघाला पाहिजे. पहिला नॉर्मल असून दुखणं चालू राहिलं तर १५ ते ३० मिनिटांनी पुन्हा, आणि गरज पडली तर पुन्हा. सोबत ट्रोपोनिनची रक्ततपासणी. एकच ईसीजी काढून घरी पाठवत असतील, तर ‘पुन्हा एकदा काढाल का?’ असं नम्रपणे पण ठामपणे विचारा.

विश्रांतीत आलेख स्वच्छ असतो तर श्रमात काढून बघू, हा ट्रेडमिल टेस्टचा विचार. ब्रूस प्रोटोकॉल या तिच्या ठरलेल्या पद्धतीत दर ३ मिनिटांनी वेग आणि चढ वाढवतात. ‘जे’ बिंदूनंतर ०.०६ ते ०.०८ सेकंदांवर एसटी १ मिलिमीटर किंवा जास्त, आडवा किंवा उतरता खाली गेला तर टेस्ट पॉझिटिव्ह. चालणं थांबवल्यानंतरच्या विश्रांतीत आलेला बदलही तितकाच धरायचा. उपयोगी टेस्ट आहे, पण तिच्या मर्यादा ठाऊक असायला हव्यात. अनेक अभ्यास एकत्र करून काढलेल्या सरासरीनुसार आजार असलेल्या १०० जणांपैकी ती सुमारे ६८ जणांना पकडते, आणि आजार नसलेल्या १०० पैकी सुमारे ७७ जणांना बरोबर नॉर्मल ठरवते.

हे आकडे कागदावर मांडून बघा. ज्यांच्यात आजाराची शक्यता निम्मी आहे अशा १०० जणांची टेस्ट केली. ५० आजारी, त्यांतले ३४ पकडले गेले, १६ सुटले. उरलेल्या ५० निरोगी लोकांत ३८-३९ जणांची टेस्ट निगेटिव्ह. म्हणजे निगेटिव्ह आलेल्या ५५ जणांत १६ आजारीच आहेत, दहात जवळजवळ तीन. उलट ज्यांना काहीच तक्रार नाही आणि शक्यता फक्त ५ टक्के, अशा १०० जणांत पॉझिटिव्ह येतील सुमारे २५, आणि त्यांतले २२ निरोगी. म्हणून धडधाकट माणसांचे ‘चेकअप पॅकेज’मध्ये ट्रेडमिल करणं मला पटत नाही. अमेरिकेच्या प्रतिबंधक सेवा कार्यदलानेही २०१८ मध्ये कमी धोक्याच्या, तक्रार नसलेल्या लोकांत ईसीजीने चाळणी लावू नका असंच सांगितलं आहे. आणि याच कारणाने तुमच्या वडिलांची ट्रेडमिल निगेटिव्ह आली तरी विषय संपत नाही.

ट्रेडमिलचा अहवाल आला तर फक्त शेवटची पॉझिटिव्ह-निगेटिव्ह ओळ वाचू नका. किती मिनिटं चालले, दुखलं का, रक्तदाब चढण्याऐवजी उतरला का, हे बघा. धोका किती हे सांगणारा ड्यूक स्कोअर अशाच गोष्टींतून निघतो. चाललेली मिनिटं घ्या, त्यातून एसटी जितके मिलिमीटर हलला त्याची पाचपट वजा करा, मग दुखण्याचा गुण चौपट करून वजा करा. न दुखल्यास गुण ०, दुखल्यास १, दुखण्यामुळे थांबावं लागल्यास २. बदल न होता आणि न दुखता ९ मिनिटं चाललेल्याचा स्कोअर अधिक ९, म्हणजे धोका कमी. चौथ्या मिनिटाला दुखून थांबलेला, २ मिलिमीटर बदल असलेला माणूस ४ वजा १० वजा ८, म्हणजे उणे १४. उणे ११ किंवा त्याखाली असेल तर धोका जास्त. टेस्टआधी दोघांवरही ‘अंजायना’ असाच शिक्का असेल, पण दुसऱ्याला वाट बघायला लावून चालणार नाही.

मूळ ईसीजीत डाव्या बंडल ब्रांचचा ब्लॉक (हृदयातल्या विद्युतमार्गातला अडथळा, धमनीतला नव्हे) असेल, पेसमेकर असेल, किंवा एसटी आधीच १ मिलिमीटर खाली असेल, तर ट्रेडमिलमधला एसटी वाचता येत नाही. स्त्रियांमध्ये खोट्या पॉझिटिव्हचं प्रमाण जास्त असतं. या सगळ्यामुळे युरोपीय हृदयरोग संघटनेने २०१९ पासून निदानासाठी साध्या ट्रेडमिलऐवजी सीटी करोनरी अँजिओग्राफी (सीटी स्कॅनवर धमन्यांचं चित्र), स्ट्रेस इको (हृदयावर ताण देऊन केलेली सोनोग्राफी) किंवा न्यूक्लिअर स्कॅन (स्नायूला रक्त कुठे किती पोचतं ते दाखवणारा) यांना पुढे ठेवलं आहे.

मनगटी घड्याळाच्या ईसीजीबद्दलही लोक विचारतात. त्यात एकच लीड असते. अनियमित ठोके ओळखायला ती खरोखर उपयोगी आहे, धमन्यांच्या आजारासाठी नाही. आणि महिन्यापूर्वीचा ईसीजी नॉर्मल होता तरी अटॅक येऊ शकतो. फारशा अरुंद न झालेल्या धमनीतला चरबीचा थर फुटून गुठळी होते, आणि त्याची पूर्वसूचना कुठल्याच ईसीजीत नसते.

वडिलांच्या डॉक्टरांना भेटाल तेव्हा दोन्ही ईसीजी शेजारी ठेवून दुसऱ्यातला बदल नेमका कोणत्या लीडमध्ये आहे ते विचारा, आणि ट्रेडमिल सुचवली असेल तर त्याऐवजी सीटी किंवा स्ट्रेस इको योग्य ठरेल का हेही विचारा. सीटी किंवा अँजिओग्राफी ठरली तर आधी क्रिएटिनिन तपासून घ्या. मधुमेहात मूत्रपिंडावर परिणाम झालेला असू शकतो आणि या तपासण्यांत वापरलं जाणारं रंगद्रव्य त्यावर ताण आणतं. मधुमेहाची मेटफॉर्मिन गोळी चालू असेल तर ती थांबवायची का, कधी, हे आधी विचारून ठेवा. रक्तदाबाची गोळी बीटा ब्लॉकर (ठोक्यांचा वेग कमी करणारी) असेल तर ताणाच्या टेस्टआधी ती स्वतःहून बंद करू नका, अचानक बंद केल्याने अंजायना उफाळू शकतो. आणि टेस्ट होईपर्यंत ॲस्पिरिन, स्टॅटिन (कोलेस्टेरॉलची गोळी), जिभेखालची नायट्रेटची गोळी यांतलं काय सुरू करायचं, हे त्याच भेटीत लिहून घ्या.